हजारोंची सभा

कळंब, २६ मार्च

आरोही,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देतो, आधी एक सांग. तू माझ्यावर रागावलीस का? रागावली असशील तर हे पत्र इथंच घडी घालून ठेव अन् जेवण झाल्यावर वाच. उपाशीपोटी राग जास्त येतो.

तुझं कुरियर परवा दुकानावर आलं. फोनवर यातलं काही बोलायचं न्हाय, तिकडं परदेशी पोरांचे फोन उघडून बघतात असं तुझ्या वकीलबाईनं सांगितलंय, एवढं समजलं. म्हणून कागद घेऊन बसलोय. वहिनी दर रविवारी तुला फोनवर "जेवलीस का" एवढंच विचारतात त्याचं कारण बी हेच. तुझ्या आईला काही कळलं न्हाय असं समजू नकोस. सगळं कळलंय, पण त्या तेवढंच विचारतात.

आता झालं कसं ते ऐक. तू आमच्या निकिताला फोटो धाडलास. तू पायऱ्यांवर उभी, हातात माइक, गळ्यात काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा रुमाल, पुढं माणसांची डोकी. निकिता मला म्हणली, "पप्पा, ताई बघा भाषण करायली." मी काय समजायचं? आपल्याकडं माणसाच्या हातात माइक येतो तो निवडून आल्यावर, न्हायतर लग्नात. तुझं लग्न तर न्हवतं. म्हणलं, पोरगी कॉलेजात निवडून आली! त्यात तुझा वाढदिवस दोन दिवसांवर. अख्ख्या तालुक्यातल्या पोरांचे वाढदिवस माझ्या दुकानात छापले जातात, अन् माझ्या सख्ख्या पुतणीचा फ्लेक्स न्हाय म्हणजे काय! मशीन चालू केलं.

ढोकी रस्त्याच्या कोपऱ्यावर वीस फुटी लावला. "अमेरिकेत हजारोंची सभा गाजवणारं ज्वलंत नेतृत्व, मराठवाड्याची वाघीण, कु. आरोही गुरुलिंग कोरे हिस वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा." खाली तुझ्या युनिव्हर्सिटीचं नाव, ठळक. त्याच्या खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या पक्षांची मिळून दोन ओळी माणसं. विचारलं कुणालाच न्हाय. आपल्याकडं कोण विचारतं? फोटो लागला की माणूस खूश होतो.

दोन दिवस सगळे खूश होते. तिसऱ्या दिवशी एका पोरानं तुझ्या मागचा पॅलेस्टाईनचा झेंडा ओळखला. मग काय विचारतेस! अर्ध्या कळंबनं मला देशद्रोही केलं, उरलेल्यातल्या काहींनी पाठ थोपटली. पॅलेस्टाईन नकाशात दाखवा म्हणलं असतं तर दोघांनाबी दाखवता आलं नसतं. मलाबी न्हाय. शुभेच्छुक एकेक करून दुकानात आले, "शांतलिंग, माझं मुंडकं काढ त्यातनं." पण तवर कुणीतरी फ्लेक्सचा फोटो इंटरनेटवर टाकला होता.

तू लिहिलंस की तिथं पोरं तोंडाला मास्क लावून आंदोलनाला बसतात, कारण नावं शोधून यादी करणारी माणसं हायत. अन् मी तुझं नाव बापाच्या नावासकट रस्त्यावर टांगलं. हे वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो होतो, निकिताला इचार.

आता युनिव्हर्सिटीनं चौकशी लावलीय. नुसतं बसलेल्यांना समज देऊन सोडणार, ज्यांनी सभा भरवली त्यांची डिग्री अडवणार. माझ्या फ्लेक्सचं इंग्रजी करून कुणीतरी साहेबाच्या टेबलावर ठेवलंय, अन् साहेब म्हणतोय ही तर हजारोंची नेता. डिग्री अडली की व्हिसा गेला, अन् तू दोन वर्षं पाण्याचं एवढं शिकून हात हलवत घरी. मला सगळं समजलंय, पुन्हा लिहू नकोस.

तुझे अप्पा मोटारसायकलवर आले, विळ्यानं दोऱ्या कापल्या, फ्लेक्स गुंडाळून घेऊन गेले. जाळला असंल. माझ्याशी एक शब्द न्हाय. घरी वहिनींना म्हणले, "शिकायला धाडली होती, सभा घ्यायला न्हाय." तवापासनं ते माझ्याशी बोलत न्हाईत अन् तुझं नाव काढत न्हाईत.

तू त्या सभेत नेमकं काय बोललीस ते मला लिही. भिऊ नकोस, मी छापत न्हाय.

आशीर्वाद.
शांतलिंग काका


कळंब, १७ एप्रिल

आरोही,

आधी हसले अन् मग रडले, असं तू लिहिलंस. हसलीस हे वाचून मला दोन घास गेले बघ. एवढं झाल्यावर दुसऱ्या कुणाच्या पुतणीनं काकाचं नाव टाकलं असतं. तू मलाच विचारतेस, "काका, गिऱ्हाईक तुटलं का हो माझ्यामुळं?" अगं तुझ्यामुळं कसं? पण तुझे लई उपकार हायत पोरी, तू अशी लिहितेस म्हणून मी माणसांत बसतोय.

तू जे बोललीस ते सगळं मी वाचलं. एकदा दुकानात वाचलं, मग गाडी काढून सरळ शेतात गेलो. तुझे अप्पा कोठ्यात बैलाला पेंड चारत होते. म्हणलं, "अण्णा, पोरीचं पत्र हाय." तोंड फिरवलं. बरं म्हणलं, तुम्ही नका ऐकू. मी बैलापुढं उभा राहिलो अन् बैलाला वाचून दाखवलं. मोठ्यानं.

तुझे शब्द हे असे: "आमच्या गावाला टँकर यायचा. माझे अप्पा घागरी घेऊन रांगेत उभे राहायचे, मी त्यांच्या सावलीत उभी राहायची. एकदा आमचा नंबर आला अन् मागं दुसऱ्या वस्तीवरची एक म्हातारी होती. त्या वस्तीचं अन् आमचं बांधावरनं हाडवैर होतं. टँकरमध्ये थोडंच पाणी उरलं होतं. अप्पांनी तिची घागर पुढं केली. मी घरी येईपर्यंत रडले, तर अप्पा म्हणले, भांडण बांधाचं हाय, पाण्याचं न्हाय. मी पाण्याचं शिकते ते त्या दिवसापासून. गाझात आज लेकरं रिकामी भांडी घेऊन उभी हायत. तुमचं भांडण काहीबी असू दे, पाणी सोडा. अन् इस्राइलातनं ज्यांना धरून नेलंय त्यांनाबी त्यांच्या आईकडं जाऊ द्या."

एवढंच. यात काय वाईट हाय? तू लिहिलंस की शेवटच्या वाक्याला तुझ्याच बाजूची दोघं-तिघं ओरडली, अन् आधीच्या वाक्यांना पलीकडची. म्हणजे दोन्हीकडनं शिव्या. कोरे घराण्याचं नाव राखलंस.

बैलाला वाचताना मी तिरक्या डोळ्यानं बघत होतो. "हाडवैर" आलं तवा तुझ्या अप्पांचा हात पेंडीच्या पाटीत तसाच राहिला. म्हातारीपर्यंत आलो तर ते उठून बाहेर गेले. बैलानं मात्र शेवटपर्यंत ऐकलं.

अन् माणसं किती होती म्हणून विचारलं तर तू लिहितेस, "तीस-चाळीस असतील काका, त्यातली काही बसची वाट बघत होती." अरे देवा! मी हजारो लिहून बसलो.

तर आता कामाचं. सोबतच्या पाकिटात मी माझ्या कंप्युटरमधल्या फ्लेक्सचे फोटो छापून धाडतोय, ते तुझ्या साहेबांपुढं मांड. नीट बघ. पहिल्यात आमच्या गल्लीतला मल्लेश, वय वर्षं तीन, "युवा हृदयसम्राट, लाखोंचा पोशिंदा." दुसऱ्यात एक बैल, "हजारोंच्या काळजाचा ठोका." तिसरा येडशीच्या एका कुत्र्याचा, त्याला चाळीस शुभेच्छुक हायत. साहेबाला म्हणावं, आमच्याकडं फ्लेक्सवर चढलं की सगळेच हजारोंचे नेते होतात, हा आमचा रिवाज हाय, यात पोरीचा काही हात न्हाय.

अन् ऐक. ज्यांनी सगळ्यात आधी येऊन माझी गचांडी धरली होती ना, ते आपल्या गावाकडचे सरपंच गोरोबा, ते काल पुन्हा दुकानात आले. म्हणलं आता काय. तर खुर्ची ओढून बसले अन् म्हणले, "पोरीचं शिक्षण अडतंय म्हणं?" मग स्वतःच्या हातानं कागद लिहून दिला: "माझ्या सभेच्या फ्लेक्सवर अतिविराट जनसमुदाय असं छापलं होतं. सभेला माझ्या घरचे धरून अकरा माणसं होती. शांतलिंग कोरे यांना असंच छापायची सवय हाय." सही, शिक्का. वर म्हणले, "मला तिचं म्हणणं पटत न्हाय. पण पोरगी आपली हाय." चहा पाजून धाडलं त्यांना. तो कागद पाकिटात हाय, त्याचं इंग्रजी निकितानं केलंय.

तुझी ती प्रयोगशाळेतली मैत्रीण, लीआ. तिची मावशी इस्राइलात असते, अन् त्या सभेपासनं ती तुझ्याशी बोलत न्हाय असं तू लिहिलंस. सगळ्या चौकशीपेक्षा तेच तुला जास्त लागलंय, हे मला तुझ्या अक्षरावरनं कळलं. तिलाबी भ्या वाटलं असंल गं. माणूस भ्यालं की आधी बोलायचं थांबतं. तुझ्या अप्पांकडं बघ.

आता काकाचं शेवटचं ऐक. चौकशीत सरळ सांग, मी नुसती तिथनं चालले होते, कुणीतरी माइक हातात दिला, अन् माझा काका खुळा हाय. मला काही वाटणार न्हाय. खुळा म्हणवून घेऊन तुझी डिग्री मिळत असंल तर मी तसा फ्लेक्स लावून घेतो.

शांतलिंग काका


कळंब, ७ मे

आरोही,

ऐकलं न्हाईस ना माझं?

तुझं पत्र मी वहिनींना वाचून दाखवलं, निकिताला दाखवलं, सरपंचांना बी दाखवलं. चौकशीच्या खोलीत तीन साहेब, तू फ्लेक्स मांडलेस अन् कुत्र्याच्या फ्लेक्सला त्यातली एक बाई तोंड झाकून हसली, इथपर्यंत आम्ही सगळे हसत होतो. मग त्यांनी तुला विचारलं, म्हणजे तू बोललीच न्हाईस असं लिहून देतेस का? लिहून दे, तुझा काका खोटं छापतो हे आम्हाला पटलंय, प्रकरण इथंच मिटेल. अन् तू म्हणलीस, "काकांचा आकडा खोटा हाय. फोटो खरा हाय."

मी पत्र खाली ठेवलं. वहिनी म्हणल्या, "अवो पुढं वाचा की." मला वाचवंना.

आरोही, पंचवीस वर्षं मी माणसांचे फोटो मोठे करायलोय. कुणी कधी माझ्या फ्लेक्सबद्दल असं बोललं न्हाय. तुला सुटायची वाट होती, ती माझ्याच तोंडावरनं जात होती, अन् मीच म्हणलो होतो जा म्हणून. तू गेली न्हाईस. आभार मानायचे तर कसे मानायचे, काका पुतणीचे आभार मानतो का कुठं? पण मानतो. घे.

अन् ती लीआ! बोलावणं नसताना आली, अन् साहेबांपुढं म्हणली, हिचं अर्धं बोलणं मला पटत न्हाय, ऐकून मला त्रास झाला, पण हिनं मला कधी भीती दाखवली न्हाय, उलट ज्या दिवशी आवारात आरडाओरडा झाला त्या दिवशी हीच मला खोलीपर्यंत सोडायला आली होती. आता आमचे सरपंच अन् तुझी लीआ, दोघांची काही ओळख न देख, पण बोलणं एकच. मी सरपंचांना तसं म्हणलं तर ते लाजले.

डिग्री मिळणार. हे वाक्य मी मुद्दाम सुटं लिहितोय, पुन्हा पुन्हा बघायला.

समारंभात मात्र तुला येऊ देणार न्हाईत. सगळी पोरं काळा डगला घालून स्टेजवर जाणार, अन् तुझा कागद पोस्टानं खोलीवर येणार, शिवाय फाईलला शेरा. तू लिहिलंस, "चालतं काका, कागद तर मिळाला." चालतं काय? वहिनींनी त्या डगल्यातला तुझा फोटो लावायला भिंतीवर खिळा ठोकून ठेवलाय. पण तू चालतं म्हणतेस तर आम्ही बी म्हणतो.

कुंथलगिरीच्या पेढ्यांचे दोन डबे धाडतोय. एक तुझा, एक लीआचा. तिचा डबा फोडायचा न्हाय, मला ठाऊक हाय तू कशी हायस.

तुझ्या अप्पांना मी निकाल सांगायला गेलो. ऐकलं. बैलाच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले. बोलले न्हाईत, पण या वेळी बाहेरबी गेले न्हाईत.

तुझा शांतलिंग काका


कळंब, १९ मे

आरोही,

हे पत्र जरा नीट बसून वाच.

परवा तुमचा तो समारंभ होता. तुमच्याकडं सकाळ म्हणजे आमच्याकडं दिवेलागण. वहिनी म्हणल्या, "ते दुपारपासनं शेतातच हायत, जेवायला बी आले न्हाईत, बघून या." भाकरीचं फडकं घेऊन मी गेलो.

कोठ्यात बाजेवर तुझे अप्पा उताणे पडले होते. बल्ब लावलेला. मी म्हणलं, "अण्णा, भाकरी." ते नुसतं वर बघत होते. म्हणून मी बी वर बघितलं.

अगं, तुझा फ्लेक्स! जाळला न्हवता. पत्र्याच्या खाली ताणून बांधलेला, चारी कोपऱ्यांना सुतळी, छपाईची बाजू खाली. तू, तुझा माइक, तुझा रुमाल, अन् शुभेच्छुकांच्या दोन ओळी, सगळं बाजेच्या बरोब्बर वर. मी इतक्या वेळा तिथं जाऊन आलो, बैलाला पत्र वाचून आलो, पण मान वर करून बघितलंच न्हवतं.

मी बघतोय हे बघून ते उठून बसले. म्हणले, "पत्रा तापतो. म्हणून लावलाय."

"व्हय," मी म्हणलं. "तापतो खरा."

मग आम्ही दोघं भाकरी खायला बसलो. नंतर तेच बोलले. दोन महिन्यांनी माझा भाऊ माझ्याशी बोलला, आरोही. म्हणले, "त्या म्हातारीची घागर तिच्या ध्यानात व्हती व्हय रं? मला वाटलं लहान व्हती, इसरली असंल."

मी म्हणलं, "अण्णा, तुम्हीच तिला तिथं उभं केलं अन् तुम्हीच तिच्यावर रुसलात."

ते म्हणले, "रुसलो कुठं. भ्यालो व्हतो. एवढ्या लांब एकटी पोरगी, काय झालं असतं तर मी कुठल्या गाडीनं गेलो असतो?"

मी पाणी दिलं त्यांना.

तर काल सकाळी दुकान उघडलं अन् तुझे अप्पा दारात. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. पंचवीस वर्षांत त्यांनी माझ्या दुकानाची पायरी चढली न्हवती, फ्लेक्स म्हणजे उंडग्यांचं काम म्हणायचे. आत आले, गिऱ्हाईकाच्या खुर्चीवर बसले अन् म्हणले, "एक छापायचाय. तिला तिकडं स्टेजवर येऊ दिलं न्हाय न्हवं? मग इथं लागू दे."

मी लगेच कंप्युटर पुढं ओढला. सवयीनं हात चालला, "हजारोंची..." तर माझ्या खांद्यावर बोट टोचलं. "किती माणसं व्हती खरी?"

म्हणलं, "तीस-चाळीस. काही बसची वाट बघत होती."

"मग तेच लिही."

"अण्णा, असं कुणी लिहितं का? लोक हसतील."

"हसू दे. तिनं तिथं साहेबापुढं खरं सांगितलं, अन् तू इथं पुन्हा खोटं लावणार व्हय?"

लिहिलं बाबा. मग शुभेच्छुकांवर आलो. म्हणलं, कुणाकुणाचे फोटो? तर त्यांनी सदऱ्याच्या खिशातनं स्वतःचा फोटो काढून टेबलावर ठेवला. आधार कार्डावरचा मोठा करून आणलेला, त्यात ते कुणीतरी धरून आणल्यासारखे दिसतात. हा माणूस स्वतःच्या लग्नाच्या फोटोत बी मान खाली घालून उभा हाय, वहिनींना इचार.

छापायला घेणार तेवढ्यात माझाच हात थांबला. मागच्या वेळी मी तुला न विचारता लावला अन् काय झालं ते झालं. म्हणलं, "अण्णा, तिला अजून तिकडं नोकरी बघायचीय, व्हिसाचं भ्या हाय. पुन्हा कुणी फोटो काढला तर?" ते म्हणले, "तिला इचार. ती लाव म्हणली तर रस्त्यावर लावू. नको म्हणली तर कोठ्यात लावू, जुन्याच्या शेजारी."

छपाईच्या धंद्यात आधी प्रूफ दाखवायचं असतं. गिऱ्हाईक वाचतं, चूक दाखवतं, मग मशीन चालतं. इतक्या वर्षांत मी कुणाला प्रूफ दाखवलं न्हाय अन् कुणी मागितलं न्हाय. हे माझ्या दुकानाचं पहिलं प्रूफ. वाच:

"कु. आरोही गुरुलिंग कोरे. पाण्याच्या शिक्षणाची मोठी परीक्षा पास. परमुलखात तीस-चाळीस माणसांपुढं, त्यातली काही बसची वाट बघत असताना, खरं बोलली. शुभेच्छुक: गुरुलिंग कोरे."

तुझा फोटो घेतला न्हाय, जागा मोकळी सोडलीय. डगला कुणाचा तरी उसना घे, लीआचा घे, अन् एक काढून ठेव. धाडू नकोस, घरी येशील तवा घेऊन ये. वहिनींचा खिळा तसाच हाय.

मी सही करणार तर तुझे अप्पा म्हणले, "थांब, पेन दे." चष्मा लावला. बराच वेळ कागद पुढं घेऊन बसले. आता त्यांचंच वाच, मी थांबतो.

शांतलिंग काका

चि. आरोही, आकडा बरोबर हाय का ते कळव. पेढे मऊ राहिले व्हते का?
अप्पा